पुढचा जन्म वाघाचा?

पावसाळा सरला की नागपुरातून पेंच-ताडोबाकडे गाड्या धावू लागतात. परत आलेली मंडळी हटकून म्हणतात, "पुढचा जन्म वाघाचा मिळावा. काय ते स्वातंत्र्य!" पुनर्जन्माच्या भाकडकथेवर आमचा विश्वास नाही. परंतु दुसऱ्याच्या जागी उभे राहून विचार करणे हा वकिलाचा धंदाच आहे. म्हणून घटकाभर आम्ही वाघ झालो.

कोणता वाघ? यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरचा. १४८ चौरस किलोमीटरचे अभयारण्य. तरुण नराला आई जवळ ठेवत नाही आणि चांगली जागा आधीच्या नरांनी अडवलेली. रेडिओ कॉलर बांधलेला असा एक वाघ जून २०१९ मध्ये निघाला. तेलंगणात शिरला, परत फिरला, डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. १३०० किलोमीटरहून अधिक पायपीट! दिवसा पऱ्हाटीत दबून बसायचे, रात्री नद्या आणि महामार्ग ओलांडायचे. पोचल्यावर तिथे वाघीणच नाही. हा कसला राजा? हा तर शहरात भाड्याची खोली शोधत दारोदार फिरणारा माणूस! ती पायपीट आमच्या वाचकांना वेगळी सांगायला नको.

आणि वाघीण झालो तर? राळेगाव-पांढरकवडा भागातील टी-१, म्हणजे अवनी. तिच्यावर १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२, कलम ११ सांगते की पकडणे, बेशुद्ध करणे किंवा हलवणे शक्य नसेल तरच लेखी कारणे देऊन मारण्याचा आदेश काढावा. तिला ना नोटीस, ना सुनावणी. तरी तिच्या वतीने लोक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. आदेश थांबला नाही. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री ती मारली गेली. मागे दोन बछडे उरले.

शहरांत मेणबत्त्या पेटल्या. हळहळ आम्हालाही वाटली, खोटे कशाला बोला! पण त्या १३ मृतांपैकी एकाचे तरी नाव मेणबत्तीवाल्यांना ठाऊक होते काय? महाडच्या चवदार तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत आणि आमच्या बापजाद्यांना बंदी होती. जनावराचा कळवळा आणि माणसाचा विसर, ही जोडी आम्ही लांबून ओळखतो.

तेव्हा सफारीवाल्यांनो, वाघ होऊन झाले असेल तर एकदा गुराखी होऊन बघा. स्वतःचे रान नाही, म्हणून जंगलाच्या कडेला दुसऱ्याची गुरे चारायची. सूर्य कलला आहे. मोजली तर एक गाय कमी. मालकाला जबाब द्यायचा आहे. हातात काठी आहे. समोरच्या झुडपात काहीतरी हलते आहे.