पाणथळ जागा राखायची म्हणजे काय करायचं?

पाणथळ जागा म्हटलं की आपल्यासमोर निसर्गाने घडवलेलं सरोवर येतं. पण आज आपण पाहणार आहोत नांदूर मध्यमेश्वर. नाशिक जिल्ह्यात, निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर इंग्रजांच्या काळात शेतीसाठी बंधारा बांधला गेला. दोन्ही नद्यांनी आणलेला गाळ त्यामागे साचत गेला आणि पाणी उथळ झालं. उथळ पाण्यात तळापर्यंत ऊन पोचतं, तिथे वनस्पती वाढतात, किडे, शंख, मासे वाढतात, आणि त्यांच्यामागे पक्षी येतात. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात जो गाळ तोटा, तोच इथे पाखरांचं ताट झाला!

1986 साली हे अभयारण्य झालं आणि जानेवारी 2020 मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. रामसर हे इराणमधलं गाव. 1971 साली तिथे पाणथळ जागांसाठी आंतरराष्ट्रीय करार झाला, भारत त्यात 1982 साली सामील झाला. या करारातला कळीचा शब्द आहे 'सुज्ञ वापर'. म्हणजे कुंपण घालून माणसाला बाहेर काढायचं नाही. पाणी घ्या, मासे धरा, शेती करा. पण त्या जागेचा मूळ स्वभाव टिकला पाहिजे.

आता हा स्वभाव बिघडतो कशाने? पहिली गोष्ट, पाण्याची पातळी. हिवाळ्यात पाणी हळूहळू उतरलं की चिखल उघडा पडतो, त्यात तुतारी, चिखल्या असे पक्षी खाणं शोधतात. उन्हाळ्यात नदी सुरय उघड्या बेटांवर, जमिनीवरच अंडी घालतो. तेव्हा एकदम पाणी वाढलं तर अंडी बुडणारच. म्हणजे पाटाचं आवर्तन कधी आणि किती वेगानं, हा पक्ष्यांच्याही जगण्यामरण्याचा प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट, सांडपाणी. वर नाशिकसारखं शहर आहे. सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर जलपर्णी फोफावते, पाण्यावर गालिचा अंथरते, खाली ऊन आणि प्राणवायू कमी पडतो. नुसती जलपर्णी काढून भागत नाही, कारण तिचं खत वरून येतच राहतं.

इथे अभयारण्याचा कायदा तरी आहे. पण 2017 च्या केंद्रीय नियमांनी पाणथळ जागेच्या व्याख्येतून सिंचनासाठी बांधलेले तलाव वगळले आहेत. मग आपल्या गावोगावच्या तलावांचं काय? तिथेही हळदी-कुंकू बदकं असतात, कमळपक्षी असतात, भोयांची जाळी असतात, पाणी ओसरल्यावर गाळपेर होते.

त्यामुळे ही जबाबदारी बरीचशी गावावर येते. तलावातला गाळ काढून शेतात नेणं चांगलंच आहे. साठा वाढतो, जमीन सुधारते. पण काठापासून काठापर्यंत सरळ भिंतीसारखं खोदलं तर उथळ भाग संपतो आणि पाणी असूनही पक्षी येत नाहीत. मधला भाग खोल करा, एका बाजूचा उतार आणि काठची वनस्पती तशीच ठेवा. विणीच्या दिवसांत मशीन लावू नका. ग्रामसभेत गाळाचा ठराव येईल, तेव्हा ही दोन वाक्यं त्यात लिहून घेणं आपल्याला नक्की जमण्यासारखं आहे.