पोलिसांचा दाखला आणि दहा वर्षांचा हिशेब

कॅनडात कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करणाऱ्या मुंबई-पुण्याच्या तरुणांची तयारी बहुधा ठरलेल्या क्रमाने चालते. आधी इंग्रजीची परीक्षा, मग पदवीचे मूल्यांकन, त्यानंतर गुणांची बेरीज-वजाबाकी. पोलिसांचा दाखला या यादीत सर्वांत शेवटी असतो. ‘आपल्यावर कुठे गुन्हा आहे? मिळेल सहज,’ असे म्हणून तो बाजूला ठेवला जातो. प्रत्यक्षात जानेवारी २०१५ पासून सुरू असलेल्या ‘एक्स्प्रेस एन्ट्री’ पद्धतीत निमंत्रण हाती पडले की संपूर्ण अर्ज कागदपत्रांसह भरण्यासाठी ६० दिवस मिळतात आणि या मुदतीत अनेकांची दमछाक होते ती नेमकी या दाखल्यामुळे.

नियम वरकरणी सोपा आहे. अर्जदार आणि त्याच्या कुटुंबातील अठरा वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येकाने, गेल्या दहा वर्षांत ज्या ज्या देशात सलग सहा महिने किंवा अधिक काळ वास्तव्य केले असेल, त्या प्रत्येक देशाच्या पोलिसांचा दाखला द्यावयाचा. कॅनडातील वास्तव्याला आणि वयाच्या अठरा वर्षांपूर्वीच्या काळाला यातून सूट आहे. खरी मेख तारखांमध्ये आहे. सध्या ज्या देशात राहतो, तेथील दाखला अर्ज दाखल करण्यापूर्वीच्या सहा महिन्यांतला हवा. पूर्वी राहिलेल्या देशाचा दाखला मात्र तेथील शेवटच्या वास्तव्यानंतर केव्हाही काढलेला चालतो. म्हणजे लंडनची नोकरी संपवून पुण्याला परतलेल्या अभियंत्याने परत आल्यावर काढून ठेवलेला ब्रिटनचा दाखला जुना झाला तरी उपयोगी पडतो. भारताचा दाखला मात्र ताजाच लागतो. हे न कळल्यामुळे नेमका उलटा उद्योग करणारे कमी नाहीत. शिवाय एका देशाचा नियम दुसऱ्याला लावण्यात अर्थ नसतो. ऑस्ट्रेलिया सलग सहा महिने नव्हे, तर दहा वर्षांतील एकूण बारा महिने मोजते आणि वयाची अट तेथे सोळा वर्षांची आहे.

भारतातला गोंधळ कागदाच्या नावापासून सुरू होतो. महाराष्ट्र पोलिस नोकरी वा परवान्यासाठी जे ‘चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र’ देतात, ते वेगळे. परदेशी वास्तव्यासाठी लागणारे ‘पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट’, म्हणजेच पीसीसी, हे पासपोर्ट कार्यालयाकडून मिळते आणि परदेशात राहणाऱ्यांना ते तेथील भारतीय वकिलातीमार्फत घ्यावे लागते. शुल्क ५०० रुपये. सप्टेंबर २०२२ पासून टपाल कार्यालयांतील पासपोर्ट सेवा केंद्रांतही त्यासाठी अर्ज करता येतो. काम अडते ते पत्त्यावर. पासपोर्टवर साताऱ्याचे घर आणि मुक्काम हिंजवडीच्या भाड्याच्या सदनिकेत, अशी स्थिती असली की प्रकरण पडताळणीसाठी पोलिस ठाण्याकडे जाते. मग नोंदणीकृत भाडेकरार, बँकेचे पासबुक, घरमालकाची कागदपत्रे यांची जुळवाजुळव आणि ठाण्यातील फेऱ्या ओघाने आल्याच. निमंत्रणाची वाट पाहत असतानाच हे काम हाती घेतलेले बरे. मात्र फार आधी दाखला घेतला, तर सहा महिन्यांची मर्यादा उलटण्याचा धोका आहेच.

माहिती तंत्रज्ञानाच्या नोकरीने जगभर हिंडलेल्यांची अडचण याहून मोठी. अमेरिकेत राहिलेल्याला ‘एफबीआय’कडून बोटांच्या ठशांवर आधारित अहवाल मागवावा लागतो. ब्रिटनमध्ये ‘एक्रो’ नावाचे कार्यालय हे काम करते. जपान सोडून आलेल्यांना त्या देशाच्या वकिलातीत जाऊन ठसे द्यावे लागतात. तिकडून येणारा दाखला मोहोरबंद पाकिटात असतो आणि पाकीट फोडले की तो बाद ठरतो. ते हातात येताच उत्सुकतेने उघडण्यापूर्वी कॅनडाच्या स्थलांतर विभागाने त्या देशासाठी दिलेली सूचना वाचणे शहाणपणाचे. काही देशांचे पोलिस या विभागाचे मागणीपत्र दाखविल्याखेरीज दाखलाच देत नाहीत. मुदतीत दाखला मिळालाच नाही, तर तो मागितल्याचा पुरावा आणि खुलाशाचे पत्र जोडता येते. ते मान्य करावयाचे की अर्ज अपूर्ण म्हणून परत पाठवावयाचा, हे मात्र अधिकारी ठरवितो.

मराठी कुटुंबांपुढे नावाचाही एक खास प्रश्न उभा राहतो. लग्नानंतर आडनावच नव्हे, तर वडिलांच्या जागी पतीचे नाव आणि कित्येक घरांत पाळण्यातले नावही बदलते. लग्नापूर्वी सिंगापूरला दोन वर्षे नोकरी केलेल्या स्त्रीची तेथील नोंद माहेरच्या नावाने असणार आणि अर्ज सासरच्या नावाने. अर्जात पूर्वीची सर्व नावे लिहिली आणि विवाह प्रमाणपत्र जोडले, तर यात काही अवघड नाही. न लिहिल्यास दोन वेगळ्या व्यक्तींचे कागद एकत्र आल्यासारखे ते दिसते.

मुळात पोलिसांचा दाखला म्हणजे पार्श्वभूमीची तपासणी नव्हे. तो त्या तपासणीतील एक कागद आहे. अर्जात दहा वर्षांचा सलग हिशेब मागितला जातो: कोठे राहिलो, काय शिकलो, कोठे नोकरी केली आणि बेकार असल्यास ते महिनेही. मध्ये एक महिनाही रिकामा सोडलेला चालत नाही. लष्कर, पोलिस वा सरकारी नोकरीचा तपशील द्यावा लागतो. राजकीय पक्ष, विद्यार्थी संघटना, कामगार संघटना यांच्याशी असलेला संबंधही सांगावा लागतो. (गणेशोत्सव मंडळाचे कार्यकर्तेपद लिहावे काय, ही शंका हास्यास्पद वाटेल, पण प्रश्नात सामाजिक संघटनांचाही उल्लेख असल्याने ती अगदीच निराधार नाही.) अर्जदाराने दिलेल्या या माहितीची आवश्यकतेनुसार कॅनडाची सीमा सेवा संस्था व गुप्तचर सेवा यांच्याकडून छाननी होते. पोलिसांचा कोरा दाखला हातात असूनही काहींचे अर्ज दीर्घकाळ रेंगाळतात, त्याचे कारण अनेकदा येथे असते.

गुन्ह्याच्या बाबतीत भारतीय माणसाची समजूत आणि कॅनडाचा कायदा यांत मोठे अंतर आहे. परदेशातील गुन्हा कॅनडात घडला असता तर त्याला किती शिक्षा झाली असती, या मापाने तो मोजला जातो. मद्यपान करून वाहन चालविणे हे याचे ठळक उदाहरण. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार पहिल्या वेळी कमाल सहा महिने कैद किंवा दहा हजार रुपये दंड अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. नाकाबंदीत सापडलेला माणूस न्यायालयात गुन्हा कबूल करतो, दंड भरतो आणि विषय संपला असे मानतो. कॅनडात १८ डिसेंबर २०१८ पासून या गुन्ह्याची कमाल शिक्षा दहा वर्षे झाली आणि त्यामुळे तो ‘गंभीर गुन्हेगारी’च्या वर्गात गेला. त्यानंतरच्या अशा गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला वास्तव्याची परवानगी नाकारली जाऊ शकते. शिक्षा पूर्ण होऊन पाच वर्षे लोटल्यावर पुनर्वसनासाठी रीतसर अर्ज करण्याची सोय आहे, पण तो मंजूर होईपर्यंत थांबावे लागते.

याहून अधिक नुकसान होते ते लपवाछपवीने. अर्जातील प्रश्न केवळ शिक्षेपुरता नसतो. आरोप दाखल आहे का, खटला चालू आहे का, हेही विचारलेले असते. घटस्फोटाच्या वादातून दाखल झालेला हुंड्याच्या छळाचा खटला असो वा शेजाऱ्यांशी झालेल्या भांडणातली फौजदारी, ‘सुटणारच आहोत’ म्हणून त्यापुढे ‘नाही’ लिहिणे धोक्याचे. कोणत्याही देशाने पूर्वी व्हिसा नाकारला होता काय, या प्रश्नाचेही तसेच. अमेरिकेने पर्यटक व्हिसा नाकारला म्हणून कॅनडाचे दार बंद होत नाही. ती गोष्ट दडविली, तर कायद्याच्या कलम ४० खाली दिशाभूल ठरून पाच वर्षांची बंदी येऊ शकते. खटल्याची कागदपत्रे आणि न्यायालयाचे आदेश, भाषांतरासह, जोडून सरळ खुलासा करणाऱ्याला निदान आपली बाजू मांडता येते. अर्ज सल्लागाराने भरला, आपण नुसती सही केली, ही सबब सहसा चालत नाही.

आणि ही जबाबदारी एकट्या मुख्य अर्जदाराची नसते. कुटुंबातील एक जण अपात्र ठरला, तर त्याच कायद्याच्या कलम ४२ नुसार बाकीच्यांचाही अर्ज अडू शकतो. पत्नी वा मुले तूर्त सोबत जाणार नसली, तरी त्यांची नावे अर्जात द्यावी लागतात आणि त्यांचीही तपासणी होते. बावीस वर्षांखालील अविवाहित मुले अवलंबून मानली जात असल्याने अठरा ते एकवीस या वयातील मुलामुलींचाही स्वतंत्र दाखला लागतो. मुलगा जर्मनीत शिकत असेल, तर त्याच्यासाठी भारत आणि जर्मनी या दोन्ही देशांच्या कागदांची सोय त्याच ६० दिवसांत पाहावी लागेल.