रीलमध्ये दिसणारी ‘शाळेत न जाणारी’ अमेरिकन पोरं वर्षभर नेमकं करतात काय?

एका ठरावीक प्रकारचं रील तुमच्याही फीडमध्ये कधीतरी आलं असेल. लाकडी टेबल, खिडकीतून येणारं कोवळं ऊन, ओव्हनमधून नुकताच बाहेर काढलेला पाव आणि टेबलाभोवती चार-पाच भावंडं. एक जण गणितं सोडवतोय, एक जण पक्ष्याचं चित्र काढतोय, शेंडेफळ मांजरीच्या मागे पळतंय. सोमवार आहे, सकाळचे दहा वाजलेत आणि घरातलं एकही पोरगं शाळेत गेलेलं नाही. खाली बायबलचं वचन आणि होमस्कूलचा हॅशटॅग.

कमेंटमध्ये मग ठरलेली भांडणं. कुणाला हे जगातलं सगळ्यात सुंदर बालपण वाटतं, तर कुणाला या पोरांच्या भवितव्याची काळजी लागते. आणि आपल्याकडचा कुणीतरी हमखास विचारतो, हे कायदेशीर तरी आहे का?

तर हो, अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत आहे. पण राज्य बदललं की नियम बदलतात. टेक्सास किंवा आयडाहोत मुलाला घरी शिकवायला सुरुवात केल्याचं सरकारला कळवावंही लागत नाही. पेन्सिल्वेनियात मात्र कागदपत्रांची फाईलच करावी लागते. रीलच्या पलीकडचं वर्ष समजून घ्यायला पेन्सिल्वेनियाच बरं, कारण तिथे चारही ऋतू कडक आहेत आणि कायदाही.

आधी एक गोंधळ दूर करू. पेन्सिल्वेनिया म्हटलं की घोडागाडीतले आमिश लोक आठवतात. पण आमिश मुलं सहसा होमस्कूलिंग करत नाहीत. त्यांच्या स्वतःच्या एका खोलीच्या शाळा असतात आणि शिक्षण आठवीपर्यंत. तो हक्क त्यांना १९७२ मध्ये सुप्रीम कोर्टाने दिला. रीलमधलं कुटुंब वेगळं. त्यांच्या दारात गाडी असते, घरात वायफाय असतं आणि ते बॅप्टिस्ट, कॅथलिक, प्रेस्बिटेरियन असं कुणीही असू शकतं.

या कुटुंबांनी शाळा का सोडली, याचा एक धागा याच राज्यात सापडतो. पेन्सिल्वेनियाच्या सरकारी शाळांत रोज सकाळी बायबलमधली किमान दहा वचनं वाचायचा कायदा होता. एका कुटुंबाने त्याला आव्हान दिलं आणि १९६३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ॲबिंग्टन खटल्यात ही प्रथा घटनाबाह्य ठरवली. धर्म शाळेबाहेर गेला म्हणून काही पालकांनी पुढे मुलंच शाळेबाहेर काढली. मजा म्हणजे होमस्कूलिंगचा सुरुवातीचा मोठा प्रचारक जॉन होल्ट हा काही चर्चवाला नव्हता. शाळा मुलांची उत्सुकता मारते, हा त्याचा मुद्दा. १९७७ मध्ये त्याने याच विषयावर मासिक काढलं. १९८० च्या दशकात ख्रिश्चन कुटुंबं मोठ्या संख्येने यात उतरली, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि १९८८ मध्ये पेन्सिल्वेनियाने होमस्कूलिंगचा स्वतंत्र कायदा केला.

या कुटुंबांचं वर्ष सुरू होतं ते याच कायद्याने. १ ऑगस्टच्या आत शाळा-जिल्ह्याकडे प्रतिज्ञापत्र द्यायचं. आपल्याकडच्या नोटरीच्या ॲफिडेव्हिटसारखंच प्रकरण. शिकवणारा पालक किमान हायस्कूल पास आहे, कोणत्या विषयात काय शिकवणार, लसीकरणाचं काय, घरातल्या प्रौढांवर गेल्या पाच वर्षांत ठरावीक गंभीर गुन्हे सिद्ध झालेले नाहीत, हे सगळं त्यात येतं. वर्षाला १८० दिवस किंवा प्राथमिकला ९०० तास शिकवणं बंधनकारक. विषयांच्या यादीत इंग्रजी, गणित, राज्याचा इतिहास आहेच, शिवाय आग लागू नये म्हणून काय करायचं हेही नियमित शिकवावं लागतं.

सप्टेंबरमध्ये शेजारची मुलं पिवळ्या बसमध्ये चढतात, तेव्हा इथे ‘मॉर्निंग टाइम’ सुरू होतो. नाश्त्यानंतर सगळे एकत्र. प्रार्थना, बायबलमधला उतारा, एखादं भजन, मग आई मोठ्याने वाचणार. इतिहास सगळ्यांना एकच. सहा वर्षांचा ऐकलेली गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगणार, बारा वर्षांची तीच लिहून काढणार. गणित मात्र ज्याचं त्याचं. ही पद्धत बऱ्याच घरांत शार्लट मेसन या इंग्लिश शिक्षणतज्ज्ञ बाईंकडून आली आहे. १८८६ मध्ये त्यांचं ‘होम एज्युकेशन’ आलं. छोटे तास, चांगली पुस्तकं आणि रोज घराबाहेर, हा त्यांचा आग्रह. त्यामुळे ऑक्टोबरात पानं लाल-पिवळी झाली की वही घेऊन पोरं झाडाखाली. सफरचंदाच्या बागांत तोडणी असते, तिथे एक दिवस जातो. आठवड्यातून एकदा को-ऑप, म्हणजे पाच-दहा कुटुंबं चर्चच्या हॉलमध्ये जमतात. एकीची आई रसायनशास्त्र घेते, दुसऱ्याचे बाबा गिटार. मुलांना मित्र कुठून मिळतात, या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. उरलेलं अर्धं चर्चमध्ये आणि मैदानावर, कारण या राज्यात होमस्कूलची मुलं जिल्ह्याच्या शाळेच्या संघातून खेळू शकतात.

नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग झालं की वर्षाचा ताबा चर्चच्या कॅलेंडरकडे जातो. ख्रिसमसआधीच्या चार रविवारांचा काळ म्हणजे ॲडव्हेंट. टेबलावर हिरव्या फांद्यांचं कडं, त्यात मेणबत्त्या, दर रविवारी एक जास्तीची पेटवायची. बहुतेक तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. डिसेंबरमध्ये अभ्यास निम्मा होतो आणि बिस्किटं दुप्पट.

मग बर्फ. शाळेच्या मुलांना स्नो डेची सुट्टी मिळते. होमस्कूलवाल्यांना आधी भागाकार, मग घसरगाडी. यावर त्या पोरांचा खरा राग असतो!

आणि येतो फेब्रुवारी. हा महिना रीलमध्ये फारसा दिसत नाही. अंधार लवकर पडतो, पोरं घरात कोंडलेली, कुणीतरी सर्दीने आडवं, एकाला गुणाकार काही केल्या येत नाही आणि शिक्षिका, स्वयंपाकीण, शिपाई नि मुख्याध्यापिका एकच बाई. बहुतेक घरांत शिकवणारी आईच असते. तिला पगार नाही, रजा नाही, आणि मूल मागे पडलं तर दोषही तिलाच. होमस्कूल करणाऱ्या आयांमध्ये ‘फेब्रुवारीतला थकवा’ हा नेहमीचा विषय आहे. अनेक जणी याच महिन्यात शाळेच्या प्रवेशाचा फॉर्म उघडून बघतात. त्या पावाच्या रीलमागे किती तासांची मजुरी आहे, हे कमेंटवाल्यांना कळत नाही.

सुटका होते ती मेपलच्या झाडांमुळे. रात्री शून्याखाली आणि दिवसा शून्यावर तापमान गेलं की झाडातून रस झरू लागतो. साधारण ४० लिटर रस आटवला की एक लिटर पाक मिळतो. बाष्पीभवन, गुणोत्तर आणि धीर, तिन्ही विषय एका चुलीवर. याच सुमारास राखेचा बुधवार येतो आणि ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो. ईस्टरची तारीख म्हणजे २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार. पंचांग बघणाऱ्या घरातल्या माणसाला हे लगेच समजेल. एप्रिलमध्ये पोस्टातून कोंबडीची एका दिवसाची पिल्लं येतात. हो, खरोखर पोस्टातून! अमेरिकन टपाल खातं १९१८ पासून जिवंत पिल्लं पोहोचवतंय.

वसंत हा हिशेबाचाही काळ. तिसरी, पाचवी आणि आठवीला प्रमाणित चाचणी द्यावी लागते. वाचलेल्या पुस्तकांची नोंद, वह्यांचे नमुने हे सगळं फाईलला लावून मूल्यमापक शिक्षकाला किंवा मानसशास्त्रज्ञाला दाखवायचं. तो मुलाशी बोलतो आणि प्रमाणपत्र देतो. ते ३० जूनपर्यंत जिल्ह्याकडे जायला हवं. यात एक मेख आहे, हा मूल्यमापक पालकांनीच निवडायचा असतो. आणि विज्ञान शिकवा असं कायदा म्हणतो, पण पुस्तक पालकच ठरवतात. काही ख्रिश्चन प्रकाशनांच्या पुस्तकांत उत्क्रांती नाकारलेली असते आणि पृथ्वीचं वय काही हजार वर्षं सांगितलेलं असतं.

त्याहून अवघड प्रश्न सुरक्षेचा आहे. मुलाच्या अंगावर वळ दिसले तर अमेरिकेत कळवणाऱ्यांमध्ये शाळेतल्या लोकांचा मोठा वाटा असतो. मूल शाळेतच जात नसेल तर ते बघणार कोण? घरी शिकून मोठे झालेल्या काही तरुणांनीच २०१३ मध्ये संघटना काढून नियम कडक करा अशी मागणी लावून धरली. विरोधात १९८३ पासून काम करणारी होमस्कूल पालकांची कायदेशीर संघटना आहे. तिचं म्हणणं, चार वाईट घरांसाठी सगळ्यांच्या स्वयंपाकघरात सरकार नको. दोन्ही बाजूंना आपापली मुलंच डोळ्यासमोर दिसतात, म्हणून हा वाद शांत होत नाही. जर्मनीने तर होमस्कूलिंगवर जवळपास बंदीच घातली आहे.

आणि आता हा फक्त चर्चवाल्यांचा विषय राहिलेला नाही. जनगणना खात्याच्या पाहणीनुसार २०२० च्या वसंतात शाळकरी मुलं असलेली ५.४ टक्के घरं होमस्कूलिंग करत होती, त्याच वर्षीच्या शरदात ११.१ टक्के. त्याआधी २०१६ च्या सरकारी पाहणीतही धार्मिक शिक्षण हे एक कारण म्हणून ५१ टक्के पालकांनी सांगितलं होतं, पण सगळ्यात महत्त्वाचं कारण म्हणून शाळेतल्या वातावरणाची काळजीच पुढे होती. २००० सालची राष्ट्रीय स्पेलिंग बी जिंकणारा भारतीय वंशाचा जॉर्ज थॅम्पी घरीच शिकलेला होता, आणि त्या वर्षी पहिले तिन्ही क्रमांक होमस्कूलवाल्यांचे.

आपल्याकडे? शिक्षण हक्क कायदा शाळेचीच भाषा बोलतो, होमस्कूलिंगसाठी वेगळा स्पष्ट कायदा नाही. दहावी-बारावी मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून देता येते. मुंबईतली एक मुलगी सातवीनंतर शाळा सोडून घरी शिकली. बारावीचं प्रमाणपत्र नसल्याने आयआयटीचं दार बंद होतं. संगणक ऑलिम्पियाडमधल्या पदकांच्या जोरावर २०१६ मध्ये ती थेट एमआयटीत पोहोचली.

तिकडे पेन्सिल्वेनियात जुलै म्हणजे स्ट्रॉबेरीचा जॅम संपून ब्लूबेरीचा सुरू व्हायचे दिवस. चर्चमध्ये आठवडाभराचं बायबल शिबिर, जिल्ह्याच्या जत्रेत पोस्टातून आलेल्या त्या पिल्लांची, आता कोंबड्यांची, स्पर्धा. जुनी पाठ्यपुस्तकं को-ऑपच्या टेबलावर अर्ध्या किमतीत विकायला ठेवलेली. कुणाचं लग्न, कुणाचा पोहण्याचा वर्ग. आणि फ्रिजवर चुंबकाने लावलेला कोरा फॉर्म, भरायची शेवटची तारीख १ ऑगस्ट.