जाणूनबुजून केलेली वाईट निवड

खेळ जिंकण्यासाठीं असतो, हें आपण गृहीतच धरतों. परंतु रहाटणीच्या एखाद्या सदनिकेंत एखादा तरुण संगणकापुढें बसून आपल्याच नायकाला बुद्ध्या सर्वनाशाकडे नेत असला, तर वडील माणसांनीं त्याला विकृत ठरविण्याची घाई करूं नये. या उद्योगामागें एक विचार असूं शकतो.

आपल्याकडे मोक्षपट नांवाचा जुना खेळ आहे. परंपरा त्याचें जनकत्व ज्ञानेश्वर महाराजांकडे देते. त्यांत सद्गुणांच्या शिड्या व दुर्गुणांचे साप असतात. पण सापाच्या तोंडीं जावयाचें कीं नाहीं, हें कवड्या ठरवितात. तेथें पाप घडतें. कोणी तें करीत नाहीं.

आजच्या संगणकीय भूमिका-खेळांत निवड खेळणाऱ्याची असते. ‘मास इफेक्ट’ ही बायोवेअर या कॅनडांतील संस्थेची विज्ञानकथा घ्या. तिचे पहिले तीन भाग २००७, २०१० व २०१२ सालीं निघाले. शेपर्ड हा अंतराळजहाजाचा नायक. त्यानें सौम्य वागावें कीं कठोर, हें आपण ठरवावयाचें. त्या संस्थेंत पूर्वीं काम केलेल्या जॉन एबेंजर यांनीं २०२० सालीं सांगितलें कीं, सुमारें ९२ टक्के खेळाडू सौम्य मार्गच धरीत.

मग उरलेला मार्ग कोणी कां धरावा? कठडा मजबूत आहे कीं नाहीं, हें त्यावर भार टाकल्यावांचून कळत नाहीं. ‘तुमच्या निर्णयाला किंमत आहे’ असें खेळ सांगतो. सदैव योग्य तेंच निवडणाऱ्याला त्या वचनाची परीक्षा घेतां येत नाहीं.

दुसऱ्या भागाच्या शेवटीं ही परीक्षा होते. जहाजाचें चिलखत, संरक्षक कवच आणि तोफ यांपैकीं जें सुधारलें नसेल, त्यापायीं एकेक सोबती मरतो. कर्मचाऱ्यांना शत्रूनें पळवून नेल्यावर तत्काळ निघाल्यास ते वाचतात. फार दिरंगाई केल्यास बहुतेक सारे प्राणास मुकतात. निदान दोन सोबती उरले नाहींत, तर शेपर्डही मरतो, आणि ती कथा तिसऱ्या भागांत नेतां येत नाहीं. लक्षांत घ्या, यांत क्रौर्य कोठेंच नाहीं. पुढें ढकललेलें काम, न ऐकलेलें गाऱ्हाणें, चुकीच्या माणसाला दिलेली जबाबदारी, एवढेंच आहे.

तिसऱ्या भागांत याहून अवघड प्रश्न येतो. क्रोगन जातीवर वंध्यत्वाचा शाप लादलेला आहे. तो दूर करतांना मॉर्डिन हा शास्त्रज्ञ स्वतःचा प्राण देतो. परंतु पहिल्या भागांत रेक्स हा क्रोगन मित्र मारला गेला असेल व दुसऱ्या भागांत संशोधनाची टिपणें नष्ट केलीं असतील, तर मॉर्डिनला त्या कार्यापासून परावृत्त करतां येतें आणि तो जगतो. एक माणूस वाचतो; एका जातीचें भवितव्य हरपतें. हा हिशेब सरळ मार्गानें जाणाऱ्याला दिसतच नाहीं.

सर्वांत वाईट निवडण्यासाठीं योग्य काय, हें प्रत्येक पावलीं ठाऊक असावें लागतें. म्हणून घरांतील मुलाला, ‘असें कां खेळतोस?’ याऐवजीं, ‘कोण मेलें, आणि कशामुळें?’ असें विचारावें. तो नीट सांगूं शकला, तर त्याची रात्र फुकट गेली नाहीं. सांगूं शकला नाहीं, तर त्यानें नुसतीं बटणें दाबलीं.