पाणबुडीचा पंखा आणि परवान्याचा कागद



1987 सालच्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनच्या संसद भवनापुढील हिरवळीवर अमेरिकेच्या काही लोकप्रतिनिधींनी हाती घण घेतले आणि तोशिबा कंपनीचा एक रेडिओ फोडून त्याचा चुराडा केला. छायाचित्रकार हजर होतेच. त्या बिचाऱ्या रेडिओचा काही अपराध नव्हता. अपराध घडला होता तो काही वर्षांपूर्वी लेनिनग्राडला गेलेल्या मिलिंग मशीनांच्या बाबतीत.

बंदूक ही बंदूकच असते. तिला परवाना लागतो हे पोरालाही कळते. परंतु असा पुष्कळ माल आहे की जो दोन्ही घरचा पाहुणा असतो. थायोडायग्लायकॉल नावाचे रसायन शाईत व रंगात वापरतात, आणि त्यापासूनच मस्टर्ड वायू तयार होतो. मूतखडा फोडणाऱ्या इस्पितळी यंत्रात विजेची ठिणगी पाडणारा एक छोटा भाग असतो; तसलाच भाग अणुबाँबचा स्फोट घडविण्याच्या कामी येतो. असा माल सर्रास बंद करावा तर इस्पितळे आणि गिरण्या अडतात, मोकळा सोडावा तर कुणाच्या हाती जाईल याचा नेम नाही. म्हणून त्याची यादी करतात, यादीत मापे घालतात, आणि अमुक मापापुढचा माल परवान्यावाचून देशाबाहेर जाऊ देत नाहीत.

शीतयुद्धाच्या काळात पाश्चात्य राष्ट्रांनी आणि जपानने अशी यादी ठेवली होती. 1949 साली सुरू झालेल्या त्यांच्या समितीचे नाव कोकॉम, कचेरी पॅरिसला. यंत्रांच्या बाबतीत तिचे माप ढोबळमानाने असे, की दोनपेक्षा अधिक अक्षांवर एकाच वेळी चालणारे मिलिंग मशीन सोव्हिएत गोटाला विकू नये. आपल्यापैकी जे लेथवर उभे राहिले असतील त्यांना अक्ष म्हणजे काय ते सांगायला नको. हत्यार जॉबच्या लांबीने सरकते आणि जॉबकडे आत-बाहेर सरकते, हे झाले दोन अक्ष. पण जहाजाच्या पंख्याचे पाते एकाच वेळी वाकलेले आणि पिळलेले असते. ते सबंध गुळगुळीत कापायचे तर हत्याराला कितीतरी दिशांनी एकदम हलावे लागते. तोशिबाच्या पोटकंपनीने, म्हणजे तोशिबा मशीनने, विकलेल्या यंत्राला नऊ अक्ष होते.

एवढी गुळगुळीत पाती कशाला? पाण्यात पंखा फिरू लागला की पात्यांपाशी बुडबुडे उठतात आणि फुटतात. त्याचा आवाज पाण्यातून फार दूर जातो, आणि शत्रूची श्रवणयंत्रे तो टिपतात. पाण्याखालच्या लढाईत ज्याचा आवाज कमी तो जगतो.

करार झाला 1981 साली. जपानी सरकारपुढे परवान्याचा अर्ज गेला तो दोन अक्षांच्या साध्या उभ्या लेथचा. यंत्राचा मेंदू, म्हणजे आकड्यांवर चालणारी नियंत्रणव्यवस्था, नॉर्वेच्या काँग्सबर्ग कारखान्याने दिली, आणि तिथल्या कागदांतही असेच सौम्य वर्णन होते. 1982 व 83 साली चार प्रचंड यंत्रे पेट्यांत भरून रवाना झाली. जकातीच्या अधिकाऱ्याला लाच द्यावी लागली नाही. तो पाहतो काय? परवान्यावर जे नाव तेच पेटीवर आहे ना, एवढेच. पेटीत लेथ आहे की मिलिंग मशीन, हे ओळखणारा माणूस बंदरावर नसतो. तो कारखान्यात असतो.

इथे मला थांबावेसे वाटते. हे यंत्र कुणी आराखड्यावर काढले, कुणी जुळवले, कुणी बांधून पेटीत घातले, कुणी लेनिनग्राडला जाऊन उभे केले. इतक्या माणसांना ते लेथ नाही हे दिसत होते. तरी बातमी फुटायला 1985 चा डिसेंबर उजाडला. मधल्या दलाल पेढीतून बाहेर पडलेल्या एका कर्मचाऱ्याने कोकॉमला पत्र लिहिले. त्यावर जपानी मंत्रालयाने काय करावे? ज्या कंपनीवर आरोप, तिलाच विचारले. कंपनी म्हणाली, असे काही घडलेच नाही. मंत्रालयाने ते खरे मानले! पुढे अमेरिकेने नेट धरला तेव्हा 1987 साली पोलीस आत शिरले.

तोवर मूळ यंत्रांच्या गुन्ह्याची मुदत कायद्याने टळून गेली होती. खटला चालला तो नंतर धाडलेल्या मालाबद्दल. 1988 च्या मार्चमध्ये टोकियोच्या न्यायालयाने दोन कर्मचाऱ्यांना स्थगित शिक्षा दिली आणि कंपनीला 20 लाख येन दंड केला. त्या यंत्रांच्या किमतीपुढे ही निव्वळ चिल्लर. मूळ तोशिबाचे अध्यक्ष व चेअरमन यांनी राजीनामे दिले होते, हेही नमूद केले पाहिजे.

या यंत्रांनीच सोव्हिएत पाणबुड्या मुक्या झाल्या, असा गवगवा अमेरिकेत झाला. मला तो सगळा पटत नाही. यंत्रे पोचण्याआधीच त्यांच्या नव्या पाणबुड्या कमी आवाजाच्या होऊ लागल्या होत्या, आणि अमेरिकी आरमारातलाच एक हेर कित्येक वर्षे गुपिते विकत होता; तो 1985 साली पकडला गेला. जपानी मालाविषयीची व्यापारी असूयाही त्या घणामागे होती. पण म्हणून खोटा अर्ज खरा ठरत नाही.

याच्या उलटचे प्रकरण मलेशियातले. तिथल्या एका कारखान्याने दुबईच्या गिऱ्हाइकासाठी ॲल्युमिनियमचे सुटे भाग कातले. ऑक्टोबर 2003 मध्ये ‘बीबीसी चायना’ नावाचे जहाज इटलीच्या तारांतो बंदराकडे वळवले गेले, तेव्हा ते भाग लिबियाच्या अणुकार्यक्रमासाठी, युरेनियम समृद्ध करणाऱ्या यंत्रांचे निघाले. कातणाऱ्यांच्या हाती फक्त मापांचे ड्रॉइंग. आणि मलेशियात असा निर्यातीचा कायदाच तेव्हा नव्हता. तो 2010 साली आला.

आपण हिंदी लोक फार दिवस या कुलपाच्या बाहेरच्या बाजूला होतो. 1974 च्या पोखरण स्फोटानंतर अणुमाल पुरवणाऱ्या राष्ट्रांनी आपला गट केला तो आपल्यालाच पाहून. महासंगणक मिळेना, तेव्हा पुण्याच्या सी-डॅकने 1991 साली ‘परम’ उभा केला. त्याचा अभिमान आपल्याला आहे आणि असावा. पण आता किल्ली आपल्याही हाती आहे. 2005 साली सर्वसंहारक शस्त्रांविषयीचा कायदा झाला. ‘स्कोमेट’ नावाची यादी परराष्ट्र व्यापार महासंचालनालय चालवते. कोकॉम 1994 साली बंद पडल्यावर तिच्या जागी आलेल्या वासेनार व्यवस्थेत आपण डिसेंबर 2017 मध्ये सामील झालो.

2005 चा कायदा म्हणतो की, माल अशा शस्त्रासाठी आहे हे जाणून कुणी तो निर्यात करू नये. जाणून! आता भोसरीच्या किंवा सातपूरच्या शेडमध्ये जाणतो कोण? मालकाला गिऱ्हाईक ठाऊक, टर्नरला माल ठाऊक, आणि दोघांची गाठ फक्त पगाराच्या दिवशी. टॉलरन्स एकाएकी का इतका बारीक झाला, नेहमीच्या धातूऐवजी हा महाग धातू का आला, पेटीवर पंपाचे नाव का, हे पहिल्यांदा त्या टर्नरच्या डोळ्याला दिसते. तो कंत्राटी असला तर विचारण्याची किंमत म्हणजे उद्याची हजेरी. 2013 च्या कंपनी कायद्याने शेअरबाजारात नोंदलेल्या व आणखी काही ठराविक कंपन्यांना तक्रारीची सुरक्षित वाट ठेवायला लावली. दहा लेथच्या शेडला ती सक्ती पोचत नाही.

एका कारखान्याच्या वेतनकरारात मी एक कलम घालू पाहिले: जॉब कशासाठी आहे असे विचारल्याबद्दल कुणालाही कामावरून काढू नये. व्यवस्थापक हसून म्हणाले, “साहेब, तुमच्या फिटरला त्यातले काय कळते?” मी म्हटले, तुम्ही त्याच्याकडूनच मायक्रॉनची मापे पास करून घेता. महागाईभत्त्यावर त्याच बैठकीत एकमत झाले. हे कलम अजून मसुद्यातच आहे.