विश्लेषण : अंगण गेले, माती गेली... ठाणे-डोंबिवलीच्या सोसायटीत दिवाळीचा किल्ला कसा उभा राहणार?

२०२५ मध्ये नरक चतुर्दशी सोमवारी, २० ऑक्टोबरला होती. त्याआधी तीन रविवार मिळाले, ५, १२ आणि १९ तारखेचा. त्यातला १९ तारखेचा रविवार किल्ला सजवण्याचा, बांधण्याचा नव्हे. सीएसएमटीपासून ठाणे ३४ किलोमीटर, डोंबिवली ४८ आणि कल्याण ५४. रोज एवढे अंतर उभ्याने कापून रात्री घरी पोहोचणाऱ्या आई-बाबांच्या हातात आठवड्याच्या मधल्या दिवसांत चिखल कालवण्याइतके त्राण नसते. त्यामुळे मुलांच्या किल्ल्याचा खरा प्रश्न हौसेचा नसून रविवारांचा आहे. ते नीट वापरले तर काय काय जमू शकते?

किल्ल्यांची चर्चा अधिक का?

युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने ११ जुलै २०२५ रोजी ‘मराठा मिलिटरी लँडस्केप्स ऑफ इंडिया’ या नावाने १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिले. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे महाराष्ट्रातील ११, तर तमिळनाडूतील जिंजी बारावा. यात ठाणे जिल्ह्यातील एकही किल्ला नाही. पण म्हणून आपल्या भागात पाहण्यासारखे काही नाही, असे अजिबात नाही.

बांधण्याआधी खरा किल्ला कुठे पाहता येईल?

सर्वात जवळचा कल्याणचा दुर्गाडी. कल्याण पश्चिमेला उतरून रिक्षाने थोड्याच वेळात उल्हास नदीच्या खाडीकाठी पोहोचता येते. शिवाजी महाराजांनी २४ ऑक्टोबर १६५७ रोजी कल्याण-भिवंडी आदिलशाहीकडून घेतली. त्या दिवशी तिथी होती आश्विन वद्य द्वादशी, म्हणजेच वसुबारस. दिवाळीच्या पहिल्या दिवशी कल्याण स्वराज्यात आले, हे कल्याणच्याच अनेक मुलांना ठाऊक नसते! पुढे याच खाडीत महाराजांनी जहाजबांधणी सुरू केली आणि त्या कामावर पोर्तुगीज कारागीरही होते. स्वराज्याच्या आरमाराची सुरुवात कल्याणपासून सांगितली जाते ती यामुळेच.

दुर्गाडीवर जाताना रायगडाची अपेक्षा ठेवू नये. टेकडी लहान आहे आणि जुन्या बांधकामातले फारसे उरलेले नाही. मात्र वर उभे राहून खाडीकडे बोट दाखवले की ‘किल्ला इथेच का’ हे दुसरीतल्या मुलालाही कळते. पाण्यावरून येणारा प्रत्येक जण वरून दिसतो. जाण्यापूर्वी मध्य रेल्वेचा रविवारचा मेगाब्लॉक कुठे आहे ते तेवढे पाहून घ्यावे, नाहीतर किल्ल्यापेक्षा फलाटच जास्त पाहून होतो.

ठाण्याचा किल्ला तर शहराच्या मध्यावरच आहे, पण मुलांना आत नेता येत नाही, कारण तिथे मध्यवर्ती कारागृह आहे. पोर्तुगीजांकडून हा भाग १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला, पुढे तो इंग्रजांकडे गेला. बाजीराव दुसऱ्याचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे यांना इंग्रजांनी इथेच कैदेत ठेवले होते आणि १८१६ मध्ये ते इथून निसटले. एका इंग्रज अधिकाऱ्याच्या चाकरीतला मोतद्दार खिडकीखाली गाणी म्हणत असे, त्या गाण्यांतूनच पळण्याचा बेत त्यांच्यापर्यंत पोहोचला, असे सांगतात. मासुंदा तलावावर भेळ खाताना सांगायला ही गोष्ट झकास आहे.

दहा-बारा वर्षांच्या पुढची, चालण्याची सवय असलेली मुले असतील तर आसनगावजवळचा माहुली हा पर्याय आहे. पण तो खऱ्या अर्थाने ट्रेक आहे. ‘सहज जाऊन येऊ’ म्हणून लहान मुलांना घेऊन निघण्याची ती जागा नव्हे.

जागा आणि माती कुठून आणायची?

चाळीत आणि बैठ्या घरांत हा प्रश्नच नव्हता. आता सोसायटीच्या आवारात पेव्हर ब्लॉक आणि उरलेल्या जागेत पार्किंग. तरीही जिन्याखालची मोकळी जागा, पाण्याच्या टाकीशेजारचा कोपरा किंवा झाडाभोवतीचा कट्टा बहुतेक ठिकाणी सापडतो. सेक्रेटरींकडे मुलांनाच पाठवावे, मोठ्यांपेक्षा त्यांना परवानगी लवकर मिळते. माती मात्र विकत घ्यावी लागते. नर्सरीत लाल मातीच्या पिशव्या मिळतात. विटांचे तुकडे आणि गोण्या जिथे घराचे काम सुरू असेल तिथे विचारून घेता येतात. रस्त्याकडेच्या राडारोड्यातली माती घेऊ नये, त्यात काच आणि खिळे असतात.

गॅलरीत किल्ला केला तर वजन किती होते?

हा हिशेब फार कमी घरांत केला जातो. तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि दोन फूट उंच असा निमुळता डोंगर आतून-बाहेरून मातीचाच केला, तर त्यात साधारण सहा घनफूट माती लागते. ओल्या मातीचे वजन पाहता हे जवळपास ३०० किलो होतात. म्हणजे चार-पाच मोठी माणसे आठवडाभर गॅलरीच्या एकाच कोपऱ्यात उभी! जुन्या इमारतीच्या बाहेर काढलेल्या गॅलरीवर हा भार टाकणे शहाणपणाचे नाही.

उपाय जुनाच आहे. किल्ला आतून पोकळ ठेवायचा. उपडी बादली, खोके, दोन-चार विटा असा सांगाडा करून त्यावर चिखलात बुडवलेली गोणी पसरायची आणि वर इंचभर मातीचा लेप द्यायचा. तोच डोंगर मग ६० किलोच्या आसपास बसतो. गोणीचा दुसरा फायदा उताराचा. कोरडी माती ३०-३५ अंशांच्या उतारापर्यंतच थांबते, त्याहून उभा कडा केला की घसरते. गोणीचे धागे तिला धरून ठेवतात, म्हणून टकमक टोकासारखा उभा कडाही करता येतो. खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरावा आणि गॅलरीच्या पाण्याच्या जाळीपासून हातभर जागा मोकळी ठेवावी. ऑक्टोबरात संध्याकाळी एखादी जोरदार सर येते, माती पाइपात जाते आणि मग खालच्या मजल्यावरचे काका वर येतात.

कोणता किल्ला निवडावा?

जागा कमी असेल तर जलदुर्ग. खांदेरी किंवा सिंधुदुर्ग परातीत किंवा मोठ्या टबातही होतो, डोंगराची कटकट नाही. फक्त पाण्याला टेकणारा भाग विटांचा ठेवावा, नाहीतर पाडव्यापर्यंत तटबंदीचा गाळ होतो. सिंधुदुर्गाचा दरवाजा बुरुजांच्या आड असा लपवला आहे की अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. मुलांनी तेवढे एक केले तरी पुरे. विजयदुर्गाला तिहेरी तटबंदी आहे, ती करायला चिकाटी लागते. गिरिदुर्गांत राजगड ओळखायला सोपा. मधे बालेकिल्ला आणि तीन बाजूंना पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी माची. लोहगडाचा विंचूकाटा तर चार वर्षांचे मूलही हाताने ओढून करते.

प्रमाणाची चिंता करू नये. तीन इंची मावळा साडेपाच फुटी माणसाच्या साधारण २२ पट लहान असतो. त्याच प्रमाणात समुद्रसपाटीपासून ८२० मीटर उंचीचा रायगड केला, तर तो ३७ मीटर, म्हणजे बारा मजली टॉवरएवढा होईल. दिवाळीच्या किल्ल्यात मावळा दरवाजापेक्षा उंच असतो, तो कायम तसाच राहणार.

हिरवळीचे गणित काय?

अळीव किंवा मोहरी पेरायची. अळिवाला दोन-तीन दिवसांत कोंब येतात आणि पाच-सहा दिवसांत डोंगर हिरवा दिसतो. म्हणजे २०२५ च्या तारखांनुसार १२ तारखेला बांधकाम, १४ तारखेच्या मंगळवारी पेरणी. त्याआधी पेरले तर पहिल्या अंघोळीच्या दिवशी गवत वाढून बुरुज झाकतात. पाणी तांब्याने ओतायचे नाही, हाताने शिंपडायचे. हे काम रोज सकाळी शाळेआधी मुलांकडे सोपवावे.

बाजारात तयार किल्ले मिळतात, मग एवढा खटाटोप कशाला?

प्लास्टरचे तयार किल्ले दिसायला देखणे असतात, हे खरे. वेळ नसलेल्या पालकांना दोष देण्यातही अर्थ नाही. पण त्यात मुलाला करायला मावळे मांडण्याखेरीज काही उरत नाही. उलट टोकाची गोष्ट स्पर्धांमध्ये दिसते. तिथे किल्ला इतका अचूक होतो की तो बाबांनीच केला आहे हे परीक्षकांना लांबूनच कळते. वाकडा बुरुज, दरवाजापेक्षा मोठी तोफ आणि तळ्यात बुडालेला वाघ असलेला किल्ला मुलांचा असतो. मोठ्यांनी गोणी उचलावी, विटा रचून द्याव्यात आणि मग चहा घेऊन बाजूला बसावे.

दिवाळीनंतर मातीचे काय?

भाऊबिजेनंतर बहुतेक किल्ले सुतळी बॉम्बने उडवले जातात. गॅलरीत हे अर्थातच करू नये, आवारातही लहान मुलांच्या डोळ्यांत खडे जाण्याची भीती असते. सिमेंट मिसळलेले नसेल तर सगळी माती कुंड्यांमध्ये टाकता येते, अळिवाच्या मुळांसकट. उरलेली पिशवीत भरून पुढच्या वर्षासाठी ठेवावी. गोणी धुऊन वाळवावी. मावळे पुसून वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवताना खोक्यावर आतल्या मावळ्यांची संख्या लिहावी, कारण दरवर्षी दोन-तीन कमी निघतात आणि ते कोणी नेले यावरून भांडण होते.