पोवळ्याच्या पोटांतील दुष्काळ

परवां माझ्या नातीनें माझ्या बोटांतील अंगठीकडे पाहून विचारलें, “आजोबा, हें पोवळें मंगळासाठींच ना?” नवरत्नांत प्रवाळ मंगळाचें, हें खरें. परंतु समुद्रांत खडक रचणारें त्याचें भावंड हवामानाची रोजनिशीही लिहितें, हें तिला ठाऊक नव्हतें. वाचकांपैकींही अनेकांस हें नवीन वाटेल.

उथळ, उबदार पाण्यांतील हे इवलेसे जीव समुद्रांतून चुना घेऊन आपलें घर बांधतात. झाडाच्या खोडांतील वलयांप्रमाणें त्या घराचे वर्षावर्षांचे थर क्ष-किरणांनीं दिसूं शकतात. बांधणी चालूं असतां कॅल्शियमच्या जागीं थोडें स्ट्रॉन्शियम शिरतें; पाणी थंड असेल तर अधिक, उष्ण असेल तर कमी. त्यावरून पाण्याची ऊब कळते. पाण्यांतील प्राणवायूचेही हलका व जड असे प्रकार आहेत. वाफ होतांना हलका आधीं निघून जातो, जड मागें राहतो. म्हणून ऊब वजा करून उरलेला हिशेब मांडला, म्हणजे हवा किती कोरडी होती याचा अंदाज बांधतां येतो.

ओमानच्या किनाऱ्यावरील अश्मीभूत पोवळ्यांची अशी परीक्षा जपानांतील होक्काइदो विद्यापीठाचे ताकाआकी वातानाबे प्रभृति संशोधकांनीं केली व ती २०१९ मध्यें प्रसिद्ध झाली. सुमारें ४,१०० वर्षांपूर्वीं तेथें ‘शमाल’ नांवाचा हिवाळी धुळीचा वारा दीर्घकाळ वाहत होता, असें त्यांत दिसलें. मेसोपोटेमियांतील अक्कदचें साम्राज्य मोडलें तें याच सुमारास! वाळवंटाची साक्ष अशी समुद्रानें दिली.

आमच्या नगर जिल्ह्यास समुद्र नाहीं. पण बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारच्या खाऱ्या सरोवरानेंही तशीच वही ठेविली आहे. त्याच्या तळच्या सुमारें दहा मीटर गाळांत ११,००० वर्षांचा इतिहास सांठला आहे. पाणी आटून फार खारें झालें, कीं तेथें गेलुसाइट नांवाचे स्फटिक बनतात. तेच दुष्काळाचे शेरे होत. २०१४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाप्रमाणें सुमारें ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीं आणि पुन्हां २,००० ते ६०० वर्षांपूर्वीं पावसाचें मान दीर्घकाळ उतरलें होतें.

पहिल्या कोरड्या काळांतच आपल्या प्रवरेच्या कांठीं दायमाबादेस वस्ती झाली. १९७४ सालीं जेथें कांशाचा रथ सांपडला, तेंच हें गांव. ख्रिस्तपूर्व १००० च्या सुमारास तें ओस पडलें. जोर्वे संस्कृतीचीं गांवें उठण्यास वाढतें अवर्षण कारण झालें, असें पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनीं मांडलें आहे.

१९७२ चा दुष्काळ मीं लहानपणीं पाहिला. शाळेंत सुकडी खाल्ली, सीनेचें पात्र कोरडें पाहिलें. तेव्हां वडील माणसें म्हणत, “पुढलें साल बरें जाईल.” आणि पुढें तें गेलेंही. त्याच भरंवशावर आज आम्ही विंधनविहिरी खोल खोल नेतों. पण लोणारच्या वहींत एकेक दुष्काळ शतकानुशतकें पुरला आहे! आपली आठवण आयुष्याएवढी. चुन्याची व गाळाची हजारों वर्षांची. तेव्हां विहिरीचा हिशेब कोणाच्या आठवणीवर करावा, हें सुज्ञांनीं ठरवावें.

नातीनें अंगठी उजेडांत धरून न्याहाळली आणि हळूच विचारलें, “आजोबा, आपल्या विहिरीला अजून पाणी आहे ना?”